खुबा, हात आणि तीन बोटं: लांब विळ्याचा दांडा मापायचा कसा

उभ्याने गवत कापायचा लांब विळा घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा पात्यावर होते. पातं ऑस्ट्रियाचं की इटलीचं, ६५ सेंटीमीटर की ७५, ठोकून घडवलेलं की साच्यातून कापलेलं. दांडा मात्र पात्याबरोबर जो येईल तो. मग पंधरा मिनिटांत कंबर धरते, उजवा खांदा भरून येतो आणि दोष जातो धारेला, नाहीतर वयाला. वास्तविक नव्वद सेंटीमीटरवर हवी असलेली मूठ ऐंशीवर आलेली असते, एवढंच.

या अवजाराला इंग्रजीत सायथ म्हणतात, जर्मनमध्ये झेन्झं आणि रशियनमध्ये चक्क ‘कसा’. मराठीत याला स्वतःचं नाव नाही, कारण आपल्याकडे गवत उकिडवं बसून, कवळा धरून, आखूड विळ्याने कापतात. युरोप-अमेरिकेत घराभोवती अंगण असलेले बरेच मराठी लोक आता हे अवजार वापरू लागलेत, आणि इथेही लसूणघासाच्या वाफ्यासाठी त्याची चौकशी होते. म्हणून या लेखात फक्त दांडा. धार ठोकणं आणि पाजवणं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथे येता-जाता येईल तेवढाच.

दोन सेंटीमीटरने एवढा फरक का पडतो

कुदळ किंवा फावड्याचा दांडा थोडा लांब-आखूड असला तरी माणूस निभावून नेतो. ते अवजार आपण उचलतो, हाताची जागा बदलतो, घाव घालतो. लांब विळ्याचं तसं नाही. त्याचं पातं फेऱ्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जमिनीवर टेकलेलं असतं. उजवीकडून डावीकडे कापत जाताना टेकलेलं, आणि डावीकडून उजवीकडे रिकामं परत आणतानाही टेकलेलंच. वजन जमीन पेलते, आपण फक्त सरकवतो. म्हणजे पात्याची उंची ठरलेली, शून्य. मुठी दांड्यावर घट्ट बसवलेल्या. उरतं ते आपलं शरीर. माप चुकलं तर वाकायचं शरीराने, आणि तेही मिनिटाला वीस-पंचवीस वेळा.

युरोपीय पद्धतीच्या दांड्याला दोन मुठी असतात. खालची उजव्या हाताची, वरची डाव्या हाताची. दांड्याच्या खालच्या टोकाला पात्याची शेपूट बसते. ही शेपूट म्हणजे पात्याच्या बुडापासून वर उचललेली लोखंडाची चपटी पट्टी, आठ-दहा सेंटीमीटरची, आणि तिच्या शेवटी करंगळीच्या नखाएवढा एक उंचवटा. तो उंचवटा दांड्याला खालून पाडलेल्या भोकात बसतो. वरून एक लोखंडी कडं सरकवतात आणि दोन स्क्रूंनी आवळतात. नांगराचा फाळ वसूने आवळतात तोच प्रकार. कडं सैल केलं की पातं उंचवट्याभोवती थोडं डावी-उजवीकडे फिरवता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खालची मूठ: खुब्याच्या उंचीला

इंग्रजी सूचनापत्रकांत ‘हिप’ असा शब्द असतो आणि तिथेच घोटाळा होतो. लोक पट्टा बांधतो ती कंबर धरतात. पट्ट्याखाली बाजूला हाताला लागतं ते कमरेचं हाड, तेही नव्हे. मराठीत नेमका शब्द आहे: खुबा. मांडीचं हाड जिथे कमरेत अडकतं तो सांधा.

तो शोधायला सोपं आहे. सरळ उभं राहा, तळवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला वरती ठेवा आणि तो पाय पुढे-मागे झुलवा. तळव्याखाली एक टणक गाठ फिरताना जाणवते. खालच्या मुठीची उंची तिथे. कमरेच्या हाडापासून ही जागा बरीच खाली येऊ शकते, म्हणजे चूक एक-दोन सेंटीमीटरची नसून दहा-पंधराची होते.

माप घेताना पायात तेच बूट हवेत जे घालून कापणी करणार. गमबुटाची टाच तीन सेंटीमीटरची असेल तर ती मापात यायला हवी. दांडा पात्याशिवाय, खालचं टोक जमिनीला टेकवून शरीराजवळ उभा धरा. मूठ ज्या ठिकाणी हातात येणार, त्या पकडीचा मध्य खुब्याच्या रेषेत यावा. मुठीचा खुंट दांड्याला कुठे जोडलाय ते पाहू नका. काही दांड्यांत मूठ लांब खुंटावर बसवलेली असते, त्यामुळे जोड एका उंचीला आणि पकड दुसऱ्याच उंचीला असते. माप पकडीचं.

वरची मूठ: तिथून एक हात

दोन मुठींमधलं अंतर म्हणजे एक हात. कोपरापासून सरळ केलेल्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपल्या आजी-आजोबांनी कापड आणि दोर मापला तोच हात. कोपर खालच्या मुठीच्या पकडीला टेकवा, हात दांड्याला लागून वर सरळ ठेवा. बोटाचं टोक जिथे पोचेल तिथे वरच्या मुठीची पकड.

दीड फुटाचा ठोकळ हात इथे चालणार नाही, स्वतःचाच हवा. आकडेच हवेत तर अंदाज असे: दीडशे सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा खुबा साधारण ७९-८० सेंटीमीटरवर आणि हात ४० चा. १६५ उंचीला खुबा ८७ च्या आसपास, हात ४३ ते ४५. १८० उंचीला खुबा ९५, हात ४८. पण सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असतं, आणि खुब्यात चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. दुकानदार फक्त उंची विचारून दांडा देतो तेव्हा हा फरक हरवतो. म्हणून ऑनलाइन मागवताना आधी दोन मापं काढून ठेवा आणि विचारा की या दांड्याच्या मुठी कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत सरकतात.

दांड्याची एकूण लांबी त्यातूनच निघते. १६५ उंचीच्या माणसाचं उदाहरण घ्या: ८७ अधिक ४४ म्हणजे १३१, त्यावर मुठीला धरायला जागा आणि थोडं टोक, म्हणजे १३८-१४० चा दांडा बस झाला. मध्य युरोपात जुनी खूण अशी की उभा दांडा हनुवटीला लागावा. या माणसाची हनुवटी १४३ च्या आसपास येईल, म्हणजे दोन्ही हिशेब जुळतात. पण हनुवटीची खूण फक्त दुकानात दांडा निवडण्यापुरती धरा. मुठी हनुवटीवरून बसवता येत नाहीत.

आधी बांबूवर पाहा

दांडा महाग असतो आणि परदेशातून मागवला तर परत पाठवणं त्याहून महाग. त्याआधी अर्धा तास खर्च करा. दीड मीटरचा, मनगटाहून बारीक सरळ बांबू घ्या. खुब्याच्या उंचीला आणि त्यावर एक हात सोडून अशा दोन जागी वीतभर लांबीचे खुंट सुतळीने आडवे आवळून बांधा. खालच्या टोकाला पात्याऐवजी पाऊण मीटरची हलकी लाकडी पट्टी खिळ्याने जोडा, डावीकडे जाईल अशी. आता अंगणात उभे राहून पट्टी जमिनीवरून न उचलता अर्धवर्तुळ फिरवा. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ. हात झुलवू नका, कमरेपासून वरचं अंग वळवा.

दहा मिनिटं फिरवलं की पट्टीचं टोक कुठे उचलतंय आणि आपण कुठे वाकतोय ते कळतं. खुंट एक-दोन सेंटीमीटर वर-खाली सरकवा, पुन्हा फिरवा. जिथे बरं वाटेल ते आकडे लिहून ठेवा. हे आकडे कुठल्याही तक्त्यापेक्षा खरे.

शरीर कुठे दुखतं त्यावरून चूक ओळखता येते

कंबरेचा खालचा भाग दहा-पंधरा मिनिटांत दुखू लागला तर खालची मूठ बहुधा फार खाली आहे. नवशिक्यांत हीच चूक सगळ्यात जास्त, कारण जुने दांडे जुन्या माणसांच्या मापाचे असतात आणि हल्लीची माणसं उंच. शरीर यावर एक चोरटा उपाय काढतं: पाठ न वाकवता फक्त उजवा खांदा खाली टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला माणूस ताठ दिसतो, पण मणका बाजूला वाकलेला असतो, आणि संध्याकाळी एकाच बाजूची कंबर दुखते. बाजूने आणि समोरून असे दोन छोटे व्हिडिओ काढून पाहिले की हे लगेच दिसतं.

उजवी मान आणि खांद्याचा वरचा स्नायू दुखत असेल तर उलटं झालंय, मूठ फार वर आहे. अशा वेळी कोपर पूर्ण फेऱ्यात वाकलेलं राहतं, खांदा कानाकडे चढतो, आणि पातं खाली दाबून ठेवायला जोर लावावा लागतो. गवताचे बुडखे उंच राहतात. लोक याला धार गेली समजतात.

मुठींतलं अंतर कमी पडलं तर डावं कोपर छातीजवळ अडकतं आणि अंगाला वळायला जागा राहत नाही. मग काम मनगटांवर येतं, फेरा तोकडा होतो, आणि नकळत गवतावर घाव घालणं सुरू होतं. लांब विळ्याने घाव घालायचा नसतो. पात्याची धार गवताच्या देठाला तिरकी सरकत जाते म्हणून कापते. घाव घातला की देठ वाकतं, कापलं जात नाही.

अंतर जास्त झालं तर डावा हात वर आणि लांब राहतो, डाव्या खांद्याला रग लागते. फेऱ्याच्या शेवटी डावा हात डाव्या खुब्याच्या मागे सहज जायला हवा. तो तिथे न जाता छातीसमोर थांबत असेल तर वरची मूठ दोन सेंटीमीटर खाली घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. फेऱ्यात पात्याचं टोक सतत मातीत घुसत असेल किंवा सतत वर उचलत असेल, आणि उंची-अंतर दोन्ही बरोबर असेल, तर मुठी दांड्याभोवती फिरवून पाहा. मूठ कोणत्या उंचीला आहे याबरोबर ती कोणत्या दिशेला बघते यालाही महत्त्व आहे. मूठ दांड्याभोवती पाच-दहा अंश फिरली की आपल्या हातात सगळा दांडाच तेवढा कलतो आणि टोक वर-खाली होतं. स्क्रूच्या मुठी असतील तर हे दोन मिनिटांचं काम. चिकटवलेल्या मुठी असतील तर जन्माची अडचण, म्हणून पहिला दांडा सरकत्या मुठींचाच घ्यावा.

वरच्या मुठीवर उरलेलं दांड्याचं टोक काखेत किंवा छातीला लागतं म्हणून लोक लगेच करवत काढतात. थांबा. तीन-चार वेळा कापणी झाली, मुठींची जागा पक्की झाली, की मग कापा. कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही आणि उंच शेजाऱ्याला उसना देता येत नाही.

धार जमिनीपासून किती उंच

मुठी बसल्या की पातं जोडा आणि कापणीच्या पवित्र्यात उभे राहा. पातं समोर जमिनीवर टेकवा. काँक्रीटची फरशी किंवा सपाट फळी असेल तर उत्तम. आता दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा, कारण स्वतः बघायला गेलात की हाताचा कोन बदलतो. पात्याचं पोट टेकलेलं हवं आणि धार जमिनीपासून पाच ते आठ मिलिमीटर वर हवी. तीन नाणी एकावर एक ठेवून धारेखाली सरकवली तर जेमतेम जावीत. तीही पात्याच्या बुडाशी आणि टोकाशी सारखीच.

हा कोन पात्याची शेपूट किती उचललेली आहे आणि दांडा किती उभा आहे, या दोन्हींवर ठरतो. उंच माणसाच्या हातात तेच पातं दिलं की दांडा जास्त उभा होतो आणि धार वर उचलते. ठेंगण्या माणसाच्या हातात दांडा जास्त आडवा होतो आणि धार मातीत घुसते. पातं खराब नसतं, जोडी जुळलेली नसते.

उपाय पाचरीचा. कडं सैल करा आणि शेपूट व दांडा यांच्यामध्ये कडक लाकडाची किंवा जाड चामड्याची पातळ पाचर घाला. धार फार उंच असेल तर पाचर शेपटीच्या उंचवट्याकडच्या टोकाला घाला, म्हणजे शेपटीचं मागचं टोक खाली ढकललं जातं आणि धार खाली येते. धार फार खाली असेल तर पाचर पात्याकडच्या बाजूला, कड्याखाली घाला. दोन मिलिमीटरची पाचर धारेच्या उंचीत चांगलाच फरक पाडते, त्यामुळे सुरुवात जाड पुठ्ठ्याने करा. माप कळलं की लाकडाची कायमची पाचर तासा. एक पथ्य पाळा: पाचरीमुळे उंचवटा भोकातून बाहेर येता कामा नये. तो निसटला तर पातं फेऱ्यात मागे-पुढे सरकतं आणि कड्यावर सगळा भार येतो.

पाचरीने भागत नसेल एवढा फरक असेल तर शेपूट वाकवावी लागते. हे लोहाराचं काम आहे. शेपूट तेवढीच लाल करायची आणि पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, नाहीतर उष्णता पात्यात उतरते, पोलादाचं पाणी जातं आणि मग धार धरत नाही. पातं विकत घेतानाच शेपटीचा कोन विचारला तर ही वेळ येत नाही.

तीन बोटांची खूण

उंची झाली, आता पात्याचं टोक आत की बाहेर. सपाट जमिनीवर दांडा आडवा ठेवा, पातं डावीकडे. दांड्याचं वरचं टोक पायाने किंवा खिळ्याने एका जागी पक्कं धरा. तो आपला मध्यबिंदू. दांड्याजवळ पात्याच्या पाठीचा जो कोपरा आहे तिथे जमिनीवर खडूने खूण करा. आता वरचं टोक न हलवता दांडा उजवीकडे फिरवा, पात्याचं टोक खुणेपाशी येईपर्यंत. टोक खुणेच्या आत, म्हणजे मध्यबिंदूच्या बाजूला, दोन ते तीन बोटं यावं. बोटं रुंदीत मोजायची, लांबीत नव्हे.

टोक खुणेवर किंवा खुणेबाहेर गेलं तर पातं उघडं आहे. ते एका फेऱ्यात फार गवत तोंडात घेतं, गच्च अडकतं, आणि दगडाला टोक आधी भिडतं. टोक चार-पाच बोटं आत असेल तर पातं मिटलेलं आहे. कापायला हलकं लागतं पण कापला जाणारा पट्टा अरुंद होतो, आणि लांब गवत पात्यावरून घसरून जातं. कोवळं, रसाळ गवत असेल तर दोन बोटं चालतात. वाळत आलेलं, चिवट गवत असेल तर तीन किंवा थोडं जास्त. बदल करताना कडं सैल करून टोकाला हळूच ढकला. शेपटीत एक मिलिमीटर सरकलं की टोकात जवळजवळ सेंटीमीटर सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा खडूची परीक्षा घ्यायची. आवळताना पातं हलतंच.

नवीन दांड्याचं लाकूड कड्याखाली दबतं. पहिली दहा मिनिटं कापून झाली की स्क्रू पुन्हा आवळा. त्यांना फार पीळ देऊ नका, आटे गेले तर नवं कडं आणावं लागतं. कड्याखाली चामड्याचा एक तुकडा घातला तर कमी पिळात घट्ट बसतं.

सगळ्यांच्या दांड्याला दोन मुठी नसतात

रशिया आणि पूर्व युरोपातला दांडा सरळ काठीसारखा असतो आणि त्याला एकच मूठ असते, वाकवलेल्या ओल्या फांदीची, वादीने आवळलेली. डावा हात थेट काठी धरतो. तिथे मापाची खूण खुबा नव्हे, बेंबी. दांडा उभा केला की मूठ बेंबीपाशी यावी. उंचीत एवढा फरक असण्याचं कारण पकडीत आहे. एकमुठी दांडा शरीरापासून जास्त लांब आणि आडवा धरला जातो, म्हणून मूठ काठीवर वर सरकते. तिथल्या पात्यांना नंबर असतात, ७ नंबर म्हणजे ७० सेंटीमीटर. एका पद्धतीचं माप दुसऱ्या दांड्याला लावलं की हमखास फसतं, आणि इंटरनेटवर दोन्ही मापं शेजारी-शेजारी सापडतात.

अमेरिकन दांडा नागमोडी, जड, आणि त्याच्या लाकडी मुठी लोखंडी पट्ट्यांनी दांड्यावर सरकतात. त्या मुठींचे आटे उलटे असतात. जुन्या बाजारातून आणलेल्या दांड्याची मूठ हलत नाही म्हणून सरळ दिशेने जोर लावत राहिलात तर ती आणखी आवळते. गंजलेल्या आट्यांत दोन दिवस तेल सोडा आणि नेहमीच्या उलट दिशेने फिरवा. खुबा आणि हात ही मापं इथेही चालतात. मात्र अमेरिकन दांड्याला ऑस्ट्रियन पातं सहजासहजी बसत नाही, शेपटीची रुंदी आणि कोन दोन्ही वेगळे.

अॅल्युमिनियमच्या नळीचे दांडेही मिळतात. हलके, न वाळणारे, न किडणारे. पण नळीचा बाक कारखान्यात ठरलेला, आणि थंडीच्या पहाटे हाताला गार लागतात. चांगली कापणी पहाटे दव असतानाच होते, त्यामुळे ही तक्रार वाटते तेवढी किरकोळ नाही.

ऑस्ट्रियात रोसलाइटेन गावचा श्रोकेनफुक्स हा पात्यांचा कारखाना स्वतःचा इतिहास १५४० पासून सांगतो. बोस्नियातल्या कुप्रेसच्या पठारावर जुलैत होणारी गवत कापण्याची स्पर्धा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०२० साली गेली. एवढी जुनी, एवढी जपलेली गोष्ट आहे तरी दांडा बहुतेक ठिकाणी आजही माणसागणिक वेगळा बसवला जातो.

आपल्याकडे

पहिला प्रश्न येतो तो असा: घरचा विळाच लांब काठीला बांधला तर? नाही जमत. कारण साधं आहे. विळ्याची शेपूट पात्याच्याच पातळीत सरळ मुठीत जाते. काठी लावून उभं राहिलात की काठी तिरकी आणि पातंही तिरकं, टोक मातीत. लांब विळ्याची शेपूट पात्याच्या पातळीतून वर उचललेली असते म्हणून दांडा तिरका असूनही पातं जमिनीला समांतर राहतं. सगळी करामत त्या आठ-दहा सेंटीमीटरच्या लोखंडात आहे. दातेरी वैभव विळा तर मुळात ओढून कापायला बनवलेला. तो सरकवून कापतच नाही.

दुसरा प्रश्न, चालेल कुठे? सपाट, दगडगोट्यांविना असलेला लसूणघासाचा किंवा बरसीमचा वाफा, फळबागेतल्या ओळींमधलं कोवळं गवत, इथे उत्तम चालतं. वाफ्याचे वरंबे उंच असतील तर ५० ते ६० सेंटीमीटरचं पातं घ्या, ७५ चं पातं वरंब्यावर चढतं. सह्याद्रीच्या उतारावरचं दसऱ्यानंतरचं कुरण मात्र आखूड विळ्याचंच काम. गवतात लपलेला एक कातळ पात्याच्या धारेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडवतो. नेपियरची जाड धाटं आली की सरळ कोयता घ्यावा.

दांडा इथेच घडवायचा असेल तर धामणीचं लाकूड सगळ्यात बरं. चिवट आहे, लवतं, तुटत नाही. बाभूळ टिकाऊ पण जड, आणि या अवजारात दांड्याचं जास्तीचं वजन डाव्या खांद्याला कळतं. पात्यासकट सगळं मिळून दोन किलोच्या आसपास राहिलं पाहिजे. भरीव मेस जातीचा बांबूही चालतो. पोकळ बांबू घेतलात तर कड्याचे स्क्रू आवळताना तो चिरतो, म्हणून खालच्या टोकात वीतभर लांबीचा लाकडी खुंट ठोकून बसवा आणि मग भोक पाडा. कडं आधी हातात घ्या आणि त्याच्या आतल्या मापाने टोक तासा. आधी टोक तासून मग कडं शोधत फिरलात तर गाठ पडणार नाही.

मुठींसाठी दांड्याला लगेच भोकं पाडू नका. पहिल्या हंगामात मुठी वादीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. वादी भिजवून बांधली की वाळताना आवळते. गवत वाढेल, बूट बदलतील, हात सरावेल, आणि खालची मूठ सुरुवातीच्या जागेपासून एक-दोन सेंटीमीटर हलेलच. बहुतेकांची वर जाते. ती महिनाभर एका जागी राहिली की पेन्सिलने खूण करा आणि मग गिरमिट लावा.